शेजारच्या सीटची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, पूर्वीचा व्यवसाय सर्वेक्षण कार्यालयात नकाशे गिरवणे, नंतरचा व्यवसाय धाकट्या भावाच्या शेजारी बसून त्याला वाट दाखवणे, राहणार स्वतःच्याच घराची मागची खोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणणारी मंडळी बाहेरच्या खोलीत चहा पीत बसली आहेत आणि दाराची कडी मी आतून लावली आहे.

माझी फुप्फुसं कामातून गेली आहेत. आधी डॉक्टर "होईल बरं" म्हणायचे, हल्ली "बघू" म्हणतात. त्यावरून कळायचं ते मला कळलं. डोकं मात्र शाबूत आहे, आणि तीच माझ्या घरच्यांची खरी अडचण आहे.

मी यापूर्वी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. मागच्या आठवड्यात भावजय एक टाइप केलेला कागद घेऊन आली. म्हणाली, "वन्सं, तुम्हाला काही त्रास नको. इथे फक्त सही करा." एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हटलं की समजायचं, काम निघालंय. त्या कागदात सगळं घरदार भावाला दिलेलं होतं आणि माझा उल्लेख "प्रेमळ भगिनी" असा होता. तो कागद मी रद्द समजते. मागची बाजू कोरी असल्यामुळे हे पहिलं पान त्याच्याच पाठीवर लिहिलं आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे वकील करतील. त्यांनी माझा भाऊ, भावजय आणि भाची या तिघांना समोर बसवून हे मोठ्याने, क्रमाने वाचावं. घर कोणाला, हे शेवटच्या कलमात आहे. मध्येच कोणी "पुढचं वाचा" म्हणालं, तर वकिलांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी. भावजय म्हणेल, म्हणून आधीच लिहून ठेवते.

कलम १. मिळकत.

हे घर, पुढचं अंगण आणि अंगणातली पत्र्याची शेड ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. नकाशे गिरवून गिरवून डोळे अधू केले, त्या पगारातून मी ती घेतली. वडिलांचा त्यात छदाम नाही आणि भावाचाही नाही. भाऊ इथे राहतो, कारण मी राहू दिलं. अंगणात त्याच्या मुक्कामी सफरींच्या, आत झोपायची सोय असलेल्या गाड्या उभ्या असतात, कारण मी उभ्या करू दिल्या. फाटकावर पाटी त्याची, फोटो त्याचा, आणि गिऱ्हाइकं त्याला "कप्तान" म्हणतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त या नागोबाने बिळावर स्वतःची पाटीही लावली आहे.

अंगण गेलं तर त्याचा धंदा गेला. एवढ्या गाड्या उभ्या करायला दुसरी जागा त्याला परवडणार नाही. हे त्याला माहीत आहे, म्हणूनच गेले काही दिवस तो माझ्या उशाशी बसून पाय चेपू का विचारतो. उशाशी बसून पाय कसे चेपतात, ते त्यालाच ठाऊक.

कलम २. होकायंत्र.

माझं पितळी होकायंत्र भावाला द्यावं. सुईचं टोक कुठलं आणि शेपूट कुठली, हे त्याने वकिलांना विचारून घ्यावं.

इथे थोडं स्पष्ट लिहिणं भाग आहे. माझा भाऊ गाडी फार सुंदर चालवतो. घाटात, चिखलात, वाळूत, मागे झोपलेल्या माणसाची कूसही बदलू न देता तो गाडी नेतो. त्याच्यासारखा ड्रायव्हर मी पाहिला नाही, हे मी मरतानाही म्हणेन. पण कप्तानाला नकाशा वाचता येत नाही. जरासुद्धा नाही. हातात दिला की वळणावळणाला तो नकाशा फिरवत बसतो. उजवं-डावंही त्याला लहानपणापासून कळत नाही. कोणी विचारलं तर चमचा धरल्यासारखा हात करून बघतो. म्हणून मी त्याच्यासाठी वेगळी भाषा काढली. फाटा आला की मी "माझ्याकडे" किंवा "तुझ्याकडे" म्हणायची. माझ्याकडे म्हणजे मी बसले आहे त्या बाजूला. गिऱ्हाइकांना वाटायचं, बहीणभावात काय माया आहे! माया कसली, त्याचा अडाणीपणा झाकत होते.

सफरीची आखणी सगळी माझी असायची. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून मी ठरवायची, पाणी कुठे मिळेल, कुठल्या पुलाखालून उंच गाडी जाणार नाही, कुठे जमीन सपाट आहे, मागची लांब गाडी कुठे वळवता येईल. भाऊ यायचा, माझ्या खांद्यावरून बघायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "मी या वेळी नदीच्या अंगाने आखलंय." भावजयीला हे सगळं आजच कळत असेल, तर लग्नाआधी तिने नीट चौकशी करायला हवी होती.

कलम ३. फोनचा स्टँड.

गाडीच्या काचेला रबरी चकतीने चिकटणारा फोनचा स्टँड भावजयीला द्यावा. तो तिनेच आणलेला आहे, पण माझ्या मृत्युपत्रातून तिला मिळाला असं होऊ दे. एकदा चिकटला की सोडत नाही, आणि आतून पोकळ आहे. दोघांचं छान जमेल.

तो स्टँड आणला त्या दिवशी ती भावाला म्हणाली होती, "आता कशाला हवेत ते कागद? ही बाई सगळं सांगते." ही बाई म्हणजे फोनमधली. मी तिथेच उभी होते. मी म्हटलं, "ती रस्ता सांगेल. रात्री गाडी कुठे उभी करायची ते सांगेल का? पूल किती उंच आहे ते सांगेल का?" भावजय हसून म्हणाली, "पण ओरडणार तर नाही ना!" भाऊही हसला. नाचता येईना त्यालासुद्धा सरळ अंगण मिळाल्याचा आनंद झाला.

कलम ४. पाणसळ, मेखा, हातोडा.

मुक्कामाच्या जागी गाडी समतल उभी आहे का, हे बघायची माझी पाणसळ गॅरेजवाल्याला द्यायची होती. पण तो या कागदाचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं वकील सांगतात. म्हणून ती मी त्याला कालच देऊन टाकली. तंबूच्या मेखांची पिशवी आणि मेखा ठोकायचा हातोडा मात्र भाऊ आणि भावजय या दोघांना समाईक द्यावा. तो त्यांनी दिवाणखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवावा. का, ते सांगते.

आमच्या कामाची एक शिस्त होती. मुक्काम हलवताना भाऊ स्टिअरिंगवर बसून इंजिन चालू करायचा आणि नजर समोर ठेवायचा. मी सगळीकडे एक फेरी मारायची. शेकोटी विझली का, गॅसचा खटका बंद आहे का, एखादी मेख जमिनीत राहिली का. मग मी येऊन बसायची, दार ओढून घ्यायची आणि म्हणायची, "सोड." या शब्दाशिवाय गाडी हलत नसे. तो माझ्याकडे बघायचाही नाही, नुसत्या कानाने चालवायचा. मागच्या गाड्यांनाही माझा नियम होता. पुढची गाडी सुटली की निघायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. ही सगळी शिस्त मी लावली होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

काचेला फोन लागल्यानंतरची ती पहिलीच मोठी सफर. डोंगरापलीकडच्या तळ्याकाठी आमचा मुक्काम होता. सकाळी भावाने इंजिन चालू केलं. भावजय आणि भाची मागे बसल्या होत्या. भाची तेव्हा शाळेत जायची. मी शेवटची मेख उपटत होते. फोनमधली बाई म्हणाली असेल, "प्रवास सुरू करा." भावाने गाडी सोडली. एवढंच झालं. इतकी वर्षं त्याचा कान आवाजाची वाट बघायला शिकला होता. आवाज आला आणि क्लच सुटला. शेजारची सीट रिकामी आहे, हे बघायची सवयच त्याला नव्हती.

मागोमाग एकेक गाडी निघाली. शेवटच्या गाडीतल्या कुटुंबाने मला हात केला. त्यांना वाटलं असेल, ही बाई मागचं आवरून येणार. मीही हात केला. हातात हातोडा होता.

मला वाटलं, वळणावरून परत येतील. मी मेखांच्या पिशवीवर बसून राहिले. पाणी गाडीत, डबा गाडीत, औषध गाडीत. माझ्याजवळ हातोडा, मेखा आणि गळ्यातल्या पिशवीत नकाशा. ऊन डोक्यावर आलं, उतरायला लागलं. तळ्याचं पाणी प्यावं की नाही, याचा मी बराच वेळ विचार केला आणि शेवटी प्यायले. नंतर पोटाने त्याचं उत्तर दिलं.

दुपार कलल्यावर गाड्या परत आल्या. एका फाट्याशी फोनचं नेटवर्क गेलं होतं. बाई "डावीकडे" म्हणून गप्प झाली होती आणि कप्तानाने स्वतःचं डावं घेतलं होतं. पुढे रस्ता बंद, झाड आडवं, आणि सगळा ताफा एकामागून एक रिव्हर्समध्ये. तेव्हा त्यांना माझी आठवण झाली असं मी म्हणणार नाही. भाऊ उडी मारून उतरला आणि धावत आला. मी उठून उभी राहिले. मला वाटलं, हा आता मला मिठी मारेल. खोटं कशाला लिहू, मी हातही थोडे पुढे केले होते.

तो म्हणाला, "ताई, नकाशा कुठाय?"

मागून भावजय उतरली. "अगंबाई, तुम्ही इथे होय! आम्हाला वाटलं मागच्या गाडीत गप्पा मारत बसलात." उभ्या आयुष्यात मी गिऱ्हाइकाच्या गाडीत बसले नव्हते. तिच्या लेखी सुंठीवाचून खोकला गेला होता, आणि तो परत आलेला बघून तिचा चेहरा पडला, तो मी नीट पाहिला.

मी नकाशा दिला. उलटा धरून दिला. त्याने तसाच घेतला.

त्यानंतर मी सफरीला गेले नाही. "तुम्हाला पाठीचा त्रास, कशाला दगदग?" असं म्हणत भावजय माझ्या जागी बसली आणि मला ही मागची खोली मिळाली. माफी कोणी मागितली नाही. उलट दोघं जण तो किस्सा गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचे. "आमची ताई एकदा विसरली, बरं का!" लोकही हसायचे. मी आतल्या खोलीत ऐकायची. गरज सरो, वैद्य मरो. फक्त या वैद्याने मरायला बराच वेळ लावला आणि घर वैद्याच्याच नावावर आहे.

कलम ५. बँकेतली शिल्लक.

आजारपणातून जे काही उरेल, ते भाचीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या फीसाठी ठेवावं. बापाकडून शिकू नये. हात छान बसेल, पण उजवं-डावं जाईल.

कलम ६. माझी राख.

माझी राख त्या तळ्याकाठी नेऊ नये. तिथे मला एकदा ठेवून झालं आहे. बाकी कुठेही टाकावी, फक्त जाताना फोन लावू नये.

कलम ७. नकाशे आणि वळणं मोजायचं चाक.

माझे सगळे कागदी नकाशे, भिंग आणि मुठीत मावणारं ते छोटं चाक भाचीला द्यावं. चाक नकाशातल्या रस्त्यावरून फिरवलं की अंतर सांगतं. ती लहान असताना माझ्या शेजारी खुर्चीवर गुडघे टेकून ते फिरवायची. घाटाच्या रस्त्यावर तिचं चाक कधी घसरलं नाही. या घरात नकाशा वाचता येणारी माझ्यानंतर ती एकटीच आहे. आता ती मोठी झाली आहे, नोकरी करते, आणि संध्याकाळी येऊन माझ्या नाकाला वाफेचा मुखवटा लावते. आईबापाला जमत नाही ते न सांगता करते. तिच्यावर माझा जीव आहे. हे वाचल्यावर तिला ते पटणार नाही.

परवा वाफ देऊन झाल्यावर ती म्हणाली, "आत्या, एक सांगू? रागवशील."

मी म्हटलं, "रागवायला श्वास लागतो. बोल."

"तू त्या तळ्यावर राहिलीस ना, ते मला माहीत होतं. मी मागच्या काचेतून बघत होते. तू हातोडा घेऊन उभी होतीस."

"मग बोंब का नाही मारलीस?"

ती मुखवटा पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसत होती. मग म्हणाली, "गाडीत कोणी ओरडत नव्हतं गं. तू असलीस की बाबा घाबरलेले असायचे. त्या दिवशी बाबा गाणं म्हणत होते. आईपण मधे मधे म्हणत होती. मला वाटलं, थोडा वेळ असंच राहू दे, मग सांगू. आणि मग सांगायची भीती वाटायला लागली."

मी विचारलं, "कुठलं गाणं?"

तिने सांगितलं. रडायलाही लागली. म्हणाली, "आईबाबांना सांगू नकोस हं. त्यांना वाटतं, मला झोप लागली होती."

मी म्हटलं, "बरं."

बरं म्हणजे वचन नव्हे. वकिलांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मी ओरडत होते हे खरं आहे. चाक दरीकडे चाललं की काय अंगाई म्हणायची? मी ओरडले म्हणून ही सगळी माणसं आज बसून माझं मृत्युपत्र ऐकताहेत. त्याबद्दल मला तिळमात्र खंत नाही. पण तो गातो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या श्वासावरून तो गिअर कधी बदलणार हे मला कळायचं, आणि आयुष्यभर शेजारी बसून हा माणूस गातो हे मला कळलं नाही. मी मागे राहिले, आणि त्याला गाणं सुचलं. याचा मला राग येतो आणि फार वाईटही वाटतं. दोन्ही लिहिते. मृत्युपत्रात खोटं लिहू नये.

कलम ८. घर.

भाऊ आणि भावजय मला विसरले. विसरणाऱ्याला शिक्षा काय देणार? आणि बक्षीसही काय देणार? भाची विसरली नाही. तिने मला पाहिलं, एका पारड्यात मला घातलं, दुसऱ्या पारड्यात गाणं घातलं, आणि गप्प बसली. त्या गाडीतून माझ्याकडे नीट बघणारी ती एकटीच होती. सबब हे घर, अंगण आणि शेड मी पूर्ण मालकी हक्काने भाचीला देत आहे. तिला घर का मिळालं, हे तिच्या आईबापांना कळावं, म्हणूनच हे त्यांच्यासमोर वाचायला सांगितलं आहे. तिला ते आवडणार नाही. घर फुकट मिळत नाही, हे तिला या वयात कळलेलं बरं.

आता भाऊ आणि भावजय यांनी कुठे राहायचं.

त्या सकाळी गाडीत जे गाणं चाललं होतं, ते भावाने हे वाचन संपताच, सगळ्यांसमोर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणावं. ते कुठलं, हे मी वकिलांना सांगून ठेवलं आहे. त्याने बरोबर तेच गाणं म्हटलं, तर त्या दोघांना या घरात राहण्याचा आणि अंगणात गाड्या उभ्या करण्याचा हक्क तहहयात राहील आणि भाचीलाही तो मोडता येणार नाही. दुसरं गाणं म्हटलं, किंवा म्हटलंच नाही, तर दोघांनी महिनाअखेर गाड्यांसकट बाहेर पडावं. भावजयीने मदत करू नये. ती मधे मधेच म्हणत होती. भाचीने सांगितलं, सुचवलं, नुसते ओठ हलवले, तरी घर विकून सगळी रक्कम नकाशांच्या सरकारी संग्रहालयाला जाईल आणि तिघंही रस्त्यावर येतील. तिला गप्प बसता येतं, ते मी वर लिहिलंच आहे.

कप्तान, आता तू ऐक. आठवलं, तर घर राहील. पण मग तुझ्या बायकोपोरीला कळेल की, मला टाकून निघालास ती सकाळ तू इतकी वर्षं मनात जपून ठेवली होतीस. नाही आठवलं, तर सामान बांध. ठरव लवकर, वकील तासावर पैसे घेतात. आणि एकदा सुरू केलंस की मध्येच थांबू नकोस, पुरं म्हण. घाबरायचं काही कारण नाही. शेजारी मी नसेन.

हे सगळं मी राजीखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर बऱ्याच जणांच्या सांगण्याविरुद्ध लिहिलं असून, खालील दोघांसमोर वाचून दाखवून सही केली आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: वरचं सगळं ताईंनी आमच्यासमोर वाचलं. "ताई, शेवटचं फार होतंय, पोरीचा तरी विचार करा," असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुला सही करायला बोलावलंय." म्हणून सही केली.
(सही) गॅरेजवाला

साक्षीदार दुसरी: बाई शुद्धीवर आहेत. वाचताना दोनदा दम लागला, पण पाणी नको म्हणाल्या. गाण्याचं वाचताना रडल्या, ते लिहू नका म्हणाल्या. मी लिहिते आहे.
(सही) शेजारची नर्स

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च २०२४